हकोआ : एका अल्पायुषी संघाच्या शोधात

प्रवासास निघालेला मनुष्य बहुधा उभ्या असलेल्या वस्तू पाहावयास जातो. देवळे, राजवाडे, पूल आणि पुतळे त्याची वाट पाहत उभे असतात, आणि तोही त्यांचे दर्शन घेऊन कृतकृत्य होऊन परततो. न्यूयॉर्क येथे पुतण्याच्या घरी दोन महिने राहण्याचा योग आला, तेव्हा आम्हीही हे सारे रीतीप्रमाणे केले. परंतु आज वाचकांस सांगावयाचे आहे ते त्या शहरातील दोन नाहीशा झालेल्या मैदानांविषयी, आणि अवघी चार वर्षे जगलेल्या एका फुटबॉल संघाविषयी. त्या संघाचे नाव न्यूयॉर्क हकोआ.

या शोधास निमित्त घरातच घडले. आमचा पुतण्या तेथील मराठी मंडळाचा चिटणीस आहे. एके रात्री जेवणे आटोपल्यावर तो खिन्नपणे म्हणाला, "काका, मुलांचा मराठी वर्ग बंद करावा असा ठराव येणार आहे. पूर्वी बसावयास जागा पुरत नसे; आता एक बाक पुरतो. इतक्या वर्षांची खटपट फुकट गेली म्हणावयाची." यावर काय बोलावे ते आम्हांस सुचेना. तोच त्याचा बारा वर्षांचा मुलगा, जो शाळेच्या फुटबॉल संघात खेळतो, आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "आजोबा, इथली एक चँपियन टीमसुद्धा चार वर्षांत बंद झाली होती. मी तिच्यावर शाळेत निबंध लिहिला आहे." निबंध इंग्रजीत होता. आम्ही तो त्या रात्री वाचला, मग ग्रंथालयात जाऊन आणखीही वाचले, आणि पुढील शनिवारी त्या मुलाचा हात धरून बाहेर पडलो. कोणी कोणाचा हात धरला होता, हा प्रश्न निराळा!

पहिला मुक्काम हार्लेम भागातील 155 व्या रस्त्याजवळ. येथे कूगन्स ब्लफ नावाचा एक उंच कडा असून त्याच्या पायथ्याशी पोलो ग्राउंड्स हे प्रचंड क्रीडागार होते. नाव पोलोचे, खेळ मुख्यत्वे बेसबॉलचा. 1964 साली ते पाडण्यात आले, आणि आज त्या जागी तीस-तीस मजल्यांच्या चार सरकारी इमारती उभ्या आहेत. जुन्या काळचे म्हणून राहिले आहे ते एवढेच, की कड्यावरून खाली उतरणारा एक जिना. 1913 साली बांधलेला हा जिना अलीकडे दुरुस्त केला आहे. पायऱ्या उतरून आपण खाली पोहोचतो, पण जिथे पोहोचण्यासाठी त्या बांधल्या ते ठिकाणच नाही. देव नसलेल्या गाभाऱ्याच्या पायऱ्या उतराव्यात, तसे काहीसे आम्हांस वाटले.

1926 सालच्या मे महिन्याच्या 1 तारखेस या ठिकाणी 46,000 लोक जमले होते. बेसबॉलसाठी नव्हे, फुटबॉलसाठी. ज्या खेळास अमेरिकेत सॉकर म्हणतात आणि ज्याकडे तेथील जनता त्या काळी परदेशी लोकांचा खेळ म्हणून पाहत असे. अमेरिकेत फुटबॉलसाठी एवढा समुदाय पुढे कित्येक दशके जमला नाही. इतके लोक कोणास पाहावयास आले होते? व्हिएन्ना शहरातील हकोआ नावाच्या ज्यू संघास.

आपल्या पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्रायलांमुळे ज्यू लोक आपणांस अगदीच परके नाहीत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांस आपल्या लोकांनी 'शनवार तेली' हे नाव दिले, तेच हे. कोकणात शतकानुशतके ते निर्धास्त राहिले. युरोपातील त्यांच्या धर्मबंधूंचे नशीब तसे नव्हते. व्हिएन्नात अनेक क्रीडासंस्थांची दारे त्यांस बंद होती; 'आर्यांखेरीज प्रवेश नाही' असा नियमच कित्येक व्यायामसंघांनी केला होता. हे वाचून आपण फार नाक मुरडण्याचे कारण नाही. आपल्याच पुण्यात पाळवणकर बाळूसारख्या अद्वितीय गोलंदाजास चहा मिळे तो तंबूच्या बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यात. चेंडू त्याच्या हातचा चाले, पेला चालत नसे.

दारे बंद झाली तेव्हा व्हिएन्नातील ज्यूंनी 1909 साली आपली स्वतःची संस्था काढली व तिला हकोआ, म्हणजे हिब्रू भाषेत 'सामर्थ्य', हे नाव दिले. संस्थापकांत एक इग्नाझ क्योर्नर हा दंतवैद्य होता, आणि दुसरा फ्रिट्झ ल्योनर-बेडा हा, पुढे लेहारच्या संगीतिकांसाठी पदे रचून नावारूपास आलेला कवी. ज्यू मनुष्य म्हणजे पुस्तकात डोके घालून बसणारा, पाठीस पोक आलेला, ही समजूत खोटी पाडावयाची, हा त्यांचा हेतू. पोहणे, कुस्ती, धावणे, फुटबॉल असे सारे विभाग होते. निळा-पांढरा वेष, छातीवर षट्कोनी तारा. सामन्याच्या वेळी प्रेक्षकांतून शिव्या येत, प्रसंगी मारामारीही होई. तेव्हा संस्थेचेच पहिलवान खेळाडूंच्या रक्षणास उभे राहत.

या संघाच्या पाठीशी जो समाज होता त्यातील मोठा भाग व्हिएन्नात नवखाच होता. ऑस्ट्रियन साम्राज्याच्या पूर्वेकडील गॅलिशिया प्रांतातून ज्यू कुटुंबे व्हिएन्नास येत, उत्तर स्थानकावर उतरत, आणि जवळच्याच लिओपोल्डस्टाट पेठेत बिऱ्हाड करीत. 1914 च्या महायुद्धात तर निर्वासितांचे लोंढेच आले. 1923 च्या सुमारास शहरात ज्यूंची संख्या दोन लाखांवर गेली होती. त्याच वर्षी हकोआने लंडनास जाऊन वेस्ट हॅम संघावर पाच गोल चढविले. वेस्ट हॅमने त्या दिवशी आपले सर्वच उत्तम खेळाडू उतरविले नव्हते हे खरे. पण युरोप खंडातील संघाने इंग्रजांस त्यांच्याच भूमीवर हरविल्याची ती पहिलीच वेळ.

1925 साली तर हकोआ ऑस्ट्रियाचा विजेता ठरला. त्या हंगामातील एक कथा आमच्या छोट्या वाटाड्याने चालता चालता तीनदा सांगितली. निर्णायक सामन्यात गोलरक्षक फाबियान याचा हात मोडला. त्या काळी जायबंदी खेळाडूच्या जागी दुसरा घेण्याची मुभा नव्हती. तेव्हा फाबियानने हात झोळीत बांधून घेतला, गोल राखण्याचे काम दुसऱ्यावर सोपविले, आपण आघाडीस जाऊन उभा राहिला, आणि विजयाचा गोल त्यानेच मारला.

असा हा संघ 1926 साली अमेरिकेच्या दौऱ्यावर आला. न्यूयॉर्कमध्ये त्या वेळी पंधरा लाखांहून अधिक ज्यू राहत होते. त्यांतील बहुतेक स्वतः किंवा त्यांचे आईबाप पूर्व युरोपातून आलेले. शिवणकामाच्या कारखान्यांत राबणारे, फेरी करणारे, चिंचोळ्या घरांत दाटीने राहणारे. त्यांतील पुष्कळांस फुटबॉलचे नियमही ठाऊक नसतील. तरी ते आले. हकोआ त्या दिवशी अमेरिकन लीगच्या निवडक संघाकडून 3–0 असा हरला. पण उजळ माथ्याने, आपल्या धर्माचे चिन्ह छातीवर वागवीत, भर मैदानात उतरलेली आपली माणसे पाहावयास मिळाली, हाच त्या हजारोंचा लाभ असावा, असे त्या जिन्यावर उभे राहून आम्हांस वाटले.

आता या कथेतील ती गोष्ट सांगितली पाहिजे, जी वाचून आम्ही ग्रंथालयात खुर्चीवर सरसावून बसलो. या दौऱ्याच्या दोनच वर्षे आधी, 1924 साली, अमेरिकेने परदेशी लोकांस बंदी घालणारा कडक कायदा केला. त्यान्वये ऑस्ट्रियातून वर्षास अवघी 785 आणि हंगेरीतून 473 माणसे येऊ शकत. आणि आपण हिंदी लोक? आपणांस एवढेही नाही! 1923 साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी मनुष्य अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. आणि जो नागरिक होऊ शकत नाही त्यास वसाहतीसाठी येऊच द्यावयाचे नाही, असे या नव्या कायद्याने ठरविले. या कायद्याविरुद्ध अमेरिकन लोकसभेत जे थोडे आवाज उठले, त्यांत इमॅन्युएल सेलर हा ब्रुकलिनचा एक तरुण ज्यू सभासद होता. तो 1922 सालीच निवडून आला होता. तो हरला, पण थकला नाही. 1946 साली वर्षास 100 हिंदी लोकांस प्रवेश व नागरिकत्वाचा हक्क देणारा कायदा झाला, त्यावर त्याचे नाव आहे. आणि 1965 साली देशवार कोट्यांची सारी पद्धतच मोडून काढणारा कायदा झाला, त्यावरही त्याचेच. आमचा पुतण्या, आणि वाचकहो, कदाचित आपल्याही घरचा कोणी, ज्या दारातून त्या देशात शिरला, ते दार या ब्रुकलिनच्या गृहस्थाने एकेचाळीस वर्षे धक्के देऊन उघडविले होते. हे आम्ही घरी सांगितले, तेव्हा पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही.

दौऱ्यावर आलेल्या खेळाडूंनी पाहिले की, अमेरिकेत पगार अधिक, उपमर्द कमी, आणि एकदा बाहेर गेल्यावर पुन्हा आत येणे कठीण. त्यांच्यापैकी अनेक तेथेच राहिले व निरनिराळ्या संघांत खेळू लागले. पुढे 1928 साली त्यांतीलच मंडळींना एकत्र आणून न्यूयॉर्क हकोआ हा संघ उभा राहिला. व्हिएन्नातील मूळ संघाचे मात्र यामुळे कंबरडे मोडले, आणि त्याच साली तो वरच्या श्रेणीतून खाली घसरला. एका घरातील कर्ते मुलगे परदेशी जाऊन तिकडे नवे बिऱ्हाड थाटतात, तेव्हा मूळ घराचे काय होते, हे आपल्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

नव्या बिऱ्हाडाचा पहिलाच वर्षाव मोठा होता. 1929 साली न्यूयॉर्क हकोआ राष्ट्रीय चषकाच्या अंतिम फेरीस पोहोचला. प्रतिस्पर्धी सेंट लुईसकडील मॅडिसन केनेल. पहिला सामना त्यांच्या गावी हकोआने 2–0 असा जिंकला. दुसरा एप्रिलमध्ये डेक्स्टर पार्क येथे 3–0 असा. त्या दिवशी एकवीस हजारांवर प्रेक्षक होते. हे डेक्स्टर पार्क म्हणजे आमच्या यात्रेचे दुसरे स्थान.

ब्रुकलिन संपून क्वीन्स जेथे सुरू होते, त्या शिवेवर ते होते. जमैका ॲव्हेन्यू या रस्त्यावर लोखंडी खांबांवरून आगगाडी धावते; तिच्या एल्डर्ट्स लेन स्थानकावर आम्ही उतरलो. डोक्यावर गाडीचा खडखडाट, खाली दुकानांच्या रांगा, पाट्यांवर स्पॅनिश आणि बंगाली अक्षरे. पलीकडे सायप्रेस हिल्सची विस्तीर्ण दफनभूमी. मैदानाच्या जागी घरे झाली आहेत. एका घराच्या पायरीवर बसलेल्या वृद्धेस मुलाने विचारले, "येथे पूर्वी खेळाचे मैदान होते ना?" ती म्हणाली, "मी येथे राहावयास आले तेव्हापासून घरेच आहेत." ती मूळची कोठली हे आम्ही विचारले नाही, पण तिचे इंग्रजी आमच्याइतकेच उसने होते. रस्त्याच्या कडेस दोन मुले भिंतीवर चेंडू मारीत होती. आमचा वाटाडा क्षणभर घुटमळला, मग त्यांच्यात जाऊन मिसळला. नावगाव कोणी विचारले नाही. आम्ही तोपर्यंत एका दुकानाच्या ओट्यावर बसून विचार करीत होतो की, एकवीस हजारांचा जयघोष जातो तरी कोठे?

विजयानंतर सहाच महिन्यांनी, ऑक्टोबर 1929 मध्ये, वॉल स्ट्रीटचा बाजार कोसळला. संघातील प्रसिद्ध खेळाडू बेला गुटमान याने साठविलेला पैसा त्यात बुडाला. त्यापूर्वीच लीग आणि राष्ट्रीय फुटबॉल मंडळ यांच्यात असे भांडण जुंपले होते की, त्यास 'सॉकर युद्ध' हेच नाव पडले. प्रेक्षकांच्या खिशात पैसा उरला नाही. न्यूयॉर्क हकोआ व ब्रुकलिन हकोआ असे दोन संघ झाले होते, ते 1930 साली एकत्र करून हकोआ ऑल-स्टार्स असे नाव घेतले; पण 1932 साली तोही आटोपला. त्यापाठोपाठ ती लीगही बुडाली.

परंतु आमच्या मते बाजार कोसळणे हे मृत्यूचे निमित्त, कारण निराळेच. 1924 च्या कायद्याने नव्या लोकांचे येणे थांबले होते. आणि जुन्यांची मुले अमेरिकन झाली होती. त्यांस बेसबॉल हवा होता. बापाने ज्या संघाकडे पाहून मान ताठ केली, त्याची मुलास गरज उरली नव्हती; त्याची मान आधीच ताठ होती. ज्या संस्थेने आपले काम इतके चोख केले की तिचीच गरज संपली, ती अपयशी झाली असे कसे म्हणावे? पैलतीरास पोहोचल्यावर नाव डोक्यावर घेऊन कोणी चालत नाही.

इथवरचा विचार आम्हांस फार समाधानकारक वाटला होता. पण परतीच्या वाटेवर आम्ही तीन दिवस व्हिएन्नात थांबलो, आणि तेथे या समाधानास मोठा तडा गेला.

कारण व्हिएन्नातील हकोआ असा आपल्या आयुष्याने मेला नाही. मार्च 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि लगोलग हकोआवर बंदी आली. त्या हंगामातील त्याचे सामने रद्दबातल ठरविले. प्राटर उद्यानातील मैदान हिसकावून घेतले. तत्पूर्वी 1936 साली हकोआच्या ज्यूडिथ डॉइच या जलतरणपटूने बर्लिनच्या ऑलिंपिकला जाण्यास नकार दिला होता, म्हणून ऑस्ट्रियन जलतरण मंडळाने तिची सारी विजेतेपदे काढून घेतली. ती परत करण्याची बुद्धी 1995 साली झाली. संस्थापक ल्योनर-बेडा 1942 साली ऑश्विट्झच्या छळछावणीत मारला गेला. कप्तान माक्स शॉयर याचाही अंत ऑश्विट्झमध्येच झाला. गुटमान युरोपात परतला होता. बुडापेस्टजवळ लपून, श्रमछावणीतून निसटून तो कसाबसा वाचला, आणि पुढे 1961 व 1962 साली पोर्तुगालच्या बेनफिका संघास युरोपचा चषक मिळवून देणारा गुरू म्हणून जगास ठाऊक झाला.

म्हणजे एकाच नावाचे दोन संघ, दोघांचाही अंत झाला. पण एकाचा अंत त्याच्या माणसांस घर मिळाले म्हणून, आणि दुसऱ्याचा, त्यांचे घर काढून घेतले म्हणून. लिओपोल्डस्टाटच्या रस्त्यांवर फरशीत बसविलेल्या पितळी पाट्यांवरील नावे वाचीत आम्ही चाललो होतो, तेव्हा हा भेद मनात लखलखीत उभा राहिला. 1926 साली जे खेळाडू चार पैसे अधिक मिळतात म्हणून अमेरिकेत राहिले, त्यांस तेव्हा कदाचित कोणी लोभी, कोणी घरबुडवे म्हटले असेल. ते पैशासाठी राहिले, आणि प्राण वाचवून बसले. परदेशी राहिलेल्या मुलास दूषण देताना आपली जीभ किंचित जपून चालवावी, हे आम्ही तेथे शिकलो.

युद्धानंतर 1945 साली मूठभर जगलेल्यांनी व्हिएन्नात हकोआ पुन्हा सुरू केला, पण फुटबॉलचा विभाग थोड्याच वर्षांत बंद करावा लागला. न्यूयॉर्कमध्येही 1956 साली हे नाव पुन्हा एका संघाने धारण केले, आणि 1957 ते 1959 अशी लागोपाठ तीन वर्षे तो विजेता होता. मग तोही गेला. प्राटरमधील जागा मात्र वाटाघाटींनंतर परत मिळाली, आणि 2008 साली तेथे हकोआचे नवे क्रीडामंदिर उघडले. आम्ही ते बाहेरून पाहिले. फाटकाजवळ पहारा होता. आतून मुलांच्या पोहण्याच्या तलावाचा वास व कलकलाट येत होता. उभ्या असलेल्या वस्तूंपैकी त्या प्रवासात मनात राहिली ती एवढीच इमारत.

त्या रात्री आम्ही पुतण्यास पत्र लिहिले : "चि. बाळास अनेक आशीर्वाद. वर्ग चालविता येत असेल तर चालवावा. न आला तर खंत न करिता आपल्या हाताने बंद करावा. दुसऱ्या कोणी येऊन तो बंद केला नाही, ही भाग्याची गोष्ट समजावी. मात्र हिशेब चोख ठेव, पुस्तके नीट बांधून ठेव, आणि नाव कोणास विकू नकोस. नाव राहिले तर कोणी तरी पुन्हा उचलतो."

महिन्याभराने उत्तर आले. ठराव मंजूर झाला होता. वर्गाची पुस्तके दोन पेट्यांत भरून तळघरात ठेविली आहेत, असे पुतण्याने लिहिले होते, आणि सोबत एका पेटीचे छायाचित्र पाठविले होते. तिच्यावर मुलाने स्वतःच्या हाताने देवनागरीत चिठ्ठी लिहून डकविली आहे : 'मराठी पुस्तके. फेकु नये.' ऱ्हस्वदीर्घ चुकले आहे. ते कळवावे की न कळवावे, याचा निर्णय अद्याप आमच्याने झालेला नाही.